केजन मसाला : डबा, नांव आणि लोक

मुंबई-पुण्याच्या मोठ्या दुकानांतून हल्लीं परदेशी मसाल्यांच्या ज्या कुप्या मांडलेल्या दिसतात, त्यांत 'केजन' या नांवाची एखादी तांबूस भुकटीची कुपी बहुधा असतेच. अमेरिकेंत राहणाऱ्या आपल्या बांधवांना तर ती चांगलीच परिचयाची आहे. घराच्या मागील अंगणांत शेगडी पेटवून बर्गर आणि स्टेक भाजण्याचा जो तिकडचा उन्हाळी परिपाठ, त्यांत तिचा मान मोठा. तेव्हां बर्गरला आणि स्टेकला चव आणणारा केजन मसाला कोणता घ्यावा, हा प्रश्न कोणासही सहज पडावा असा आहे. वरवर पाहतां हा प्रश्न स्वयंपाकघरांतला. त्याचें उत्तर जिभेनें द्यावें आणि मोकळें व्हावें. परंतु फळीवरच्या चार कुप्या उचलून त्यांवरील अक्षरें वाचूं लागावें, तों गोंधळ उडतो. एकीवर 'केजन' असतें, दुसरीवर 'क्रीओल', तिसरीवर 'ब्लॅकनिंग'. आंत मात्र जिन्नस जवळजवळ तेच. एक चाखावी तर तिखटाचा डोंब, दुसरी चाखावी तर नुसती खारट. यांतील खरी कोणती, आणि खरी म्हणजे काय, हें ठरविण्यास जिभेचा निवाडा पुरत नाहीं. तेथें इतिहासाची साक्ष काढावी लागते. ती काढण्याचें आम्हीं योजिलें आहे, आणि आरंभींच सांगून ठेवतों कीं, ज्या लोकांचें नांव या कुपीवर आहे त्यांच्या आज्या-पणज्यांच्या स्वयंपाकघरांत अशी कुपी मुळीं नव्हतीच.

केजन हा शब्द 'अकादियँ' या फ्रेंच शब्दाचा झिजून झिजून उरलेला अवशेष आहे. अकादी म्हणजे उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील, आज कॅनडांत मोडणारा, नोव्हा स्कोशिया व त्याच्या आसपासचा मुलूख. तेथें फ्रेंचांनीं १६०४ सालीं पहिलें ठाणें घातलें आणि पुढल्याच वर्षीं पोर-रॉयाल वसविलें. मागाहून फ्रान्सच्या पश्चिम भागांतून शेतकरी कुटुंबें येऊन राहिलीं. समुद्राच्या भरतीचें पाणी बांध घालून अडवावयाचें, खाऱ्या दलदलीची जमीन पावसानें धुऊन निघूं द्यावयाची आणि तींत गहूं पिकवावयाचा, ही त्यांची हातोटी. कोंकणांतील खारभूमीचे बांध ज्यांनीं पाहिले आहेत त्यांना या उद्योगाची कल्पना सहज येईल. अन्न साधें : गव्हाचा पाव, कोबी, सलगम, वाटाणे, मासे, खारवलेलें डुकराचें मांस, आणि यांतलें जें हाताशीं असेल तें एका हंड्यांत घालून उकडण्याची रीत. मिरची त्या थंडीच्या मुलखाला ठाऊक नव्हती, आणि तिच्यावांचून कोणाचें अडतही नव्हतें.

१७१३ सालच्या उट्रेख्टच्या तहानें हा मुलूख इंग्लंडच्या पदरांत पडला. राजा बदलला, रयत तीच राहिली. इंग्रजी अंमलदार वारंवार बिनशर्त राजनिष्ठेची शपथ मागत. अकादी लोकांचें म्हणणें असें कीं, आम्ही तुमची प्रजा म्हणून सुखानें राहूं, परंतु फ्रेंचांविरुद्ध शस्त्र धरणार नाहीं. चाळीस वर्षें हें प्रकरण असेंच रेंगाळलें. पुढें इंग्रज-फ्रेंच युद्ध पुन्हां पेटण्याचा रंग दिसतांच प्रांताचा कारभार पाहणारा चार्ल्स लॉरेन्स यानें तें कायमचें निकालांत काढण्याचें ठरविलें. १७५५ च्या ५ सप्टेंबर रोजीं ग्रां-प्रे या गांवच्या प्रार्थनामंदिरांत जॉन विन्स्लो या लष्करी अधिकाऱ्यानें ४१८ पुरुष व मुलगे बोलावून घेतले आणि त्यांस हुकूम वाचून दाखविला : जमिनी, घरें व गुरें सरकारजमा झालीं असून सर्वांस प्रांताबाहेर घालवून देण्यांत येत आहे. आठ वर्षांच्या अवधींत सुमारें १४,००० लोकांपैकीं १०,००० हून अधिक लोक असे उचलून नेण्यांत आले. गांवें जाळलीं गेलीं. कोणी दक्षिणेकडील इंग्रज वसाहतींत, कोणी इंग्लंडांत, कोणी फ्रान्सांत जाऊन पडले. हजारों माणसें वाटेंत आणि छावण्यांत रोगराईनें मेलीं. 'देशोधडीस लागणें' हा वाक्प्रचार आपण मराठींत किरकोळ आपत्तीलाही लावतों. येथें तो अक्षरशः खरा झाला. अमेरिकन कवि लाँगफेलो याचें १८४७ सालचें 'इव्हँजेलिन' हें काव्य याच घटनेवर उभें आहे. ब्रिटिश राजसत्तेनें या अन्यायाची जाहीर कबुली दिली ती २००३ सालीं, म्हणजे जवळजवळ अडीचशें वर्षांनीं. आणि तेव्हांपासून २८ जुलै हा त्याचा स्मरणदिन ठरला. हा वृत्तांत मसाल्याच्या लेखांत लांबला असें कोणास वाटेल. पण कुपीवरचें नांव ज्या भट्टींतून निघालें ती हीच होय, म्हणून तो टाळतां येत नाहीं.

यांतील सुमारें २०० जण जोसेफ ब्रूसार, ऊर्फ बोसोलेय, या लढाऊ पुढाऱ्याच्या मागें १७६५ च्या आरंभीं मिसिसिपी नदीच्या मुखाशीं असलेल्या लुइझियाना प्रांतांत उतरले. गंमत अशी कीं, फ्रेंच राज्य म्हणून ज्या ठिकाणीं ते आले तो प्रांत फ्रान्सनें १७६२ सालींच स्पेनला देऊन टाकला होता. तथापि नव्या अंमलदारांना वस्ती हवी होती, आणि यांना जमीन. त्याच वर्षीं एप्रिलांत दोतरीव्ह नांवाच्या एका जमीनदारानें या निर्वासितांशीं करार केला : प्रत्येक कुटुंबास पांच गाई वांसरांसह आणि एक बैल सहा वर्षांच्या बोलीनें द्यावयाचा, आणि मुदतीअंतीं वाढलेल्या खिल्लारांत दोघांची भागीदारी. बांध घालून गहूं पिकविणारे लोक अशा रीतीनें अटाकापा व ओपलूसास या विस्तीर्ण कुरणांच्या प्रदेशांत गुराखी झाले. बोसोलेय त्याच वर्षीं साथींत मरण पावला; पण लोंढा थांबला नाहीं. १७८५ सालीं स्पेनच्या सरकारनें सात जहाजें भरून सुमारें १,६०० अकादी लोक फ्रान्सांतून आणविले. स्टेकचा आणि केजन लोकांचा संबंध कोणी विचारील तर तो येथून लागतो, या गाईंच्या कळपांतून, मसाल्यांतून नव्हे.

आतां नव्या भूमीची गोष्ट. हवा दमट आणि उष्ण, भोंवतीं खाड्या व दलदली; गव्हाला जागा नाहीं, तांदूळ मात्र मुबलक. शेजार तर असा कीं, त्याचें वर्णन करतांना पंगतीचीच उपमा सुचते. चॉक्टॉ लोक सॅसाफ्रास झाडाचीं पानें वाळवून कुटीत व ती हिरवी भुकटी कालवणांत घालीत. तिला पुढें 'फिले' म्हणूं लागले. आफ्रिकेंतून बेड्या घालून आणलेल्या गुलामांबरोबर भेंडी आली. लुइझियानाचें जें सर्वांत प्रसिद्ध कालवण, 'गंबो', त्याचें नांव म्हणजे बांटू भाषांतील भेंडीचेंच नांव. आपल्या सुगरणी भेंडीचा चिकटपणा घालविण्यासाठीं चिंच-आमसूल घालतात. तेथें तोच चिकटपणा रस्सा दाट करण्यासाठीं मुद्दाम राखतात. स्पॅनिश लोक होते, नदीकांठीं जर्मन शेतकरी होते, हैतीहून आलेले फ्रेंच व त्यांचे गुलाम होते. ज्याला आज केजन चव म्हणतात ती या सर्वांच्या हातची आहे, आणि तींत आफ्रिकन बायकांचा हात सर्वांत मोठा असूनही कुपीवर त्यांचें नांव कोठेंच नाहीं, ही गोष्ट इतिहास लिहिणारानें नोंदवून ठेवली पाहिजे.

मिरचीची कथा त्याहून विलक्षण. ती मूळची अमेरिकेचीच. दक्षिण व मध्य अमेरिकेंतून स्पॅनिश-पोर्तुगीज जहाजांनीं ती जगभर नेली. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांच्या मार्फत ती आपल्या किनाऱ्यास लागली आणि पाहतां पाहतां आपल्या जेवणांत अशी मुरली कीं, ती परकी आहे हें सांगितल्यास आजही कोणाचा विश्वास बसत नाहीं. उलट काळी मिरी आपली, मलबारची. ती युरोपमार्गें अमेरिकेस गेली. तेव्हां केजन मसाल्याच्या एका चिमटींत अमेरिकेची लाल मिरची आणि सह्याद्रीच्या दक्षिण टोकाची काळी मिरी शेजारीं शेजारीं बसलेल्या असतात. लुइझियानांत लाल मिरचीचा मोठा व्यापार प्रथम केला तो एडमंड मॅकिलहेनी यानें. एव्हरी बेट म्हणून जी टेकडी तेथें आहे ती वास्तविक बेट नसून दलदलींतून वर आलेला मिठाचा प्रचंड डोंगर आहे. १८६२ सालीं, यादवी युद्ध चालू असतां, तेथें जमिनीखालीं सैंधवासारखें खडकाचें मीठ सांपडलें. युद्धानंतर त्याच जागीं मॅकिलहेनीनें मिरची लावून १८६८ सालीं तिचें पहिलें व्यापारी पीक काढलें आणि १८७० सालीं आपल्या 'टबॅस्को' सॉसचा हक्क नोंदविला. परंतु तो पातळ रस, शिर्क्यांत मुरविलेला. कोरडी भुकटी नव्हे. शिवाय मॅकिलहेनी हा केजनही नव्हता.

मग जुन्या केजन घरांत मांस कसें शिजे? हिंवाळ्यांत नातलग-शेजारी मिळून डुक्कर मारीत. उन्हाळ्यांत मांस टिकत नसे म्हणून कांहीं कुटुंबें पाळीपाळीनें गुरूं मारून वांटून घेत. या प्रघाताला 'बूशरी' म्हणत. काम करून चिवट झालेल्या गुराचें मांस जाळीवर भाजून कोणास चावणार? म्हणून तें बिडाच्या जाड भांड्यांत आधीं चांगलें तांबूस होईतों परतावयाचें, मग कांदा, सेलरी, ढोबळी मिरची घालून झांकण ठेवून घटका-दोन घटका मंद आंचेवर वाफवावयाचें, आणि त्याचा काळपट रस्सा भातावर ओतावयाचा, ही रीत. स्टेकसुद्धां अशीच वाफेवर मऊ करीत. मसाला म्हणावा तर मीठ, काळी मिरी, लाल तिखट, लसूण, एखादें तमालपत्राच्या जातीचें पान; आणि खरी चव सावकाश परतण्याची. तिखट असे, पण घामाघूम करणारें नसे. 'केजन म्हणजे तोंड पोळणारें' हा समज पुढचा आहे, आणि तो कसा झाला हेंच आतां पाहावयाचें आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत 'केजन' हा शब्द मानाचा नव्हता. अडाणी, गांवठी, इंग्रजी न येणारा, असा त्याचा अर्थ शहरी तोंडीं होता. १९२१ सालच्या लुइझियानाच्या राज्यघटनेनें सरकारी शाळांतून इंग्रजीखेरीज अन्य माध्यमास जागा ठेवली नाहीं. घरीं फ्रेंच बोलणाऱ्या मुलांना शाळेच्या आवारांत तोंडून फ्रेंच शब्द निघाला म्हणून छड्या बसत, फळ्यावर 'मी फ्रेंच बोलणार नाहीं' असें शेंकडों वेळां लिहावें लागे. त्या मुलांनीं मोठें झाल्यावर आपल्या मुलांशीं फ्रेंच बोलणें सोडलें. एका पिढींत भाषा घराबाहेर गेली. १९६८ सालीं राज्यानें फ्रेंचच्या जतनासाठीं सरकारी मंडळ नेमलें आणि १९७१ सालीं बावीस परगण्यांच्या प्रदेशास 'अकेडिआना' हें नांव अधिकृतपणें दिलें, तेव्हां पुष्कळ उशीर झाला होता. भाषा गेली तेव्हां ओळख सांगावयास उरलें काय? संगीत, आणि जेवण. आमच्या मतें केजन मसाल्याचा जन्म नेमका याच वेळीं व्हावा हा निव्वळ योगायोग नव्हे.

१९७२ सालीं ओपलूसास गांवच्या टोनी शाशरी नांवाच्या गृहस्थानें, उद्योगधंद्यांतून निवृत्त झाल्यावर वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं, 'केजन कंट्री कुकबुक' या नांवाचें पाककृतींचें पुस्तक काढलें. त्यांत मांसमच्छीवर भुरभुरावयाच्या एका मिश्रणाची कृति होती. लोकांनीं पुस्तकापेक्षां त्या मिश्रणाचीच मागणी केली, आणि हिरव्या रंगाच्या डब्यांतून तें विकलें जाऊं लागलें. घटक पाहावे तर मीठ, लाल मिरची, काळी मिरी, चिली पूड, सुकविलेला लसूण, आणि गुठळ्या होऊं नयेत म्हणून घातलेला एक खनिज पदार्थ. पुस्तकाचें नांव केजन, पण डब्यावर नांव 'क्रीओल'! क्रीओल म्हणजे मूळ अर्थानें त्या भूमींत जन्मलेला. पुढें न्यू ऑर्लिअन्सचे फ्रेंच-स्पॅनिश वंशाचे नागरिक आणि आफ्रिकन वंशाचे फ्रेंचभाषी लोक, असा दोघांनाही तो शब्द लागला. शहरी तें क्रीओल आणि खेडवळ तें केजन असा भेद पुस्तकांतून सांगतात. पण कुरणाच्या प्रदेशांत हे लोक शेजारीं शेजारीं राहून एकाच हंडींतलें जेवीत आले. डब्यांवरच्या या दोन नांवांत चवीचा भेद शोधणें व्यर्थ होय. ग्राहकानें तें मनावर घेऊं नये.

तथापि केजन मसाल्याला जगभर पोंचविणारा पुरुष दुसराच, आणि तोही ओपलूसासजवळचाच. पॉल प्रुडॉम याचा जन्म १९४० सालीं एका कुळवाडी कुटुंबांत झाला. तेरा भावंडांत तो धाकटा. घरांत वीज नाहीं, बर्फाचें कपाट नाहीं. मोठ्या बहिणी लग्नें होऊन गेल्यावर आईच्या हाताखालीं स्वयंपाकास हाच. १९५७ सालीं सतरा वर्षांच्या या मुलानें गांवांत पहिलें खाद्यगृह घातलें, तें बर्गरचें! तें वर्षभरही चाललें नाहीं. पुढें अनेक राज्यांतील स्वयंपाकघरांतून उमेदवारी करीत तो न्यू ऑर्लिअन्सला आला, १९७५ सालीं तेथील एका नामांकित उपाहारगृहाचा मुख्य आचारी झाला आणि १९७९ सालीं त्यानें शहराच्या जुन्या फ्रेंच पेठेंत पत्नी के हिच्यासह स्वतःचें 'के-पॉल्स' उघडलें. तेथें १९८० च्या सुमारास त्यानें एक पदार्थ काढला. रेडफिश नांवाच्या स्वस्त, कोणी न विचारणाऱ्या माशाचा तुकडा वितळलेल्या लोण्यांत बुडवावयाचा, त्यावर मसाला थापावयाचा, आणि बिडाचा तवा धूर निघून पांढुरका दिसेपर्यंत तापवून त्यावर टाकावयाचा. लोणी व मसाला करपतात, बाहेरून काळी खरपूस साल धरते, आंत मासा रसाळ राहतो. हेंच 'ब्लॅकनिंग'. ही आपल्या आईची रीत नव्हे, ही आपली युक्ति आहे, असें प्रुडॉम स्वतःच सांगत असे.

१९८४ सालीं त्याचें 'लुइझियाना किचन' हें पुस्तक निघालें आणि देशभर वेड पसरलें. न्यू ऑर्लिअन्सचे रस्ते सोडाच, १९८५ च्या उन्हाळ्यांत तो कांहीं दिवस न्यू यॉर्कला गेला तर तेथेंही दाराशीं रांगा लागल्या. रेडफिशची मागणी इतकी भडकली कीं, मेक्सिकोच्या आखातांतील त्याचे थवे संपूं लागले आणि १९८६ सालीं केंद्र सरकारला आपल्या हद्दींत त्याची व्यापारी मासेमारी थांबवावी लागली. लुइझियानानेंही दोन वर्षांनीं तीच वाट धरली. मासा मिळेना तेव्हां तोच मसाला कोंबडीवर, स्टेकवर, बर्गरवर चढला. मसाला माशाचा, पदार्थ गाईचा, आणि नांव एका निर्वासित जमातीचें, ही आजची जोडणी अशी जमली आहे. एव्हांना प्रुडॉमनें आपल्या मिश्रणांचा कारखाना घातला होता. त्याच्यामागून शेंकडों अनुकरणें निघालीं. प्रुडॉम २०१५ सालीं वारला आणि 'के-पॉल्स' २०२० सालीं कायमचें बंद झालें, भुकटी राहिली.

यावर एक पक्ष असें म्हणतो कीं, प्रुडॉमनें बनावट केजन जगाला विकलें. आम्हांस हें पटत नाहीं. त्याच मातींत, त्याच दारिद्र्यांत वाढलेल्या माणसानें आपल्या आईच्या चवीवरून नवें कांहीं रचलें तर त्याला बनावट कां म्हणावें? आपल्याकडे तरी काळा मसाला, गोडा मसाला, मालवणी मसाला हे घरोघर निराळे असतात, आणि प्रत्येक घर आपलाच अस्सल मानतें. दोष आहे तो नकलाकारांचा. प्रुडॉमचा माशाचा मसाला पाहा : पाप्रिका तीन चहाचे चमचे, मीठ अडीच, कांद्याची पूड, लसणाची पूड व केयेन जातीचें लाल तिखट प्रत्येकीं एक, पांढरी मिरी व काळी मिरी पाऊण पाऊण, थाईम व ओरेगानो अर्धा अर्धा. एकंदर अकरा चमच्यांत मीठ चौथा हिस्साही नाहीं. तिखटाच्या जाती तीन, आणि तिघांचें काम वेगळें : काळी मिरी नाकांत आणि ओठांवर जाणवते, पांढरी (ती त्याच फळाची साल काढून केलेली) मागाहून जिभेच्या बुडाशीं, लाल मिरची सगळ्या तोंडभर. पाप्रिका रंग व गोडसर बूड देते. ही सुरांची जुळणी आहे. तिच्यांतून सूर काढून नुसता ढोल ठेवला म्हणजे जें उरतें तें बाजारांतील पुष्कळशा केजन कुप्यांत भरलेलें असतें. मीठ हें सर्वांत स्वस्त आणि तिखट हें सर्वांत लवकर कळणारें, म्हणून व्यापारी हे दोनच वाढवितो. आणि मग जो खातो तो म्हणतो, केजन लोक फार तिखट खातात बुवा!

तेव्हां निवड करावयाची ती कुपीच्या पुढच्या बाजूवरून नव्हे, मागच्या बाजूवरून. अमेरिकेंत आणि आपल्याकडेही घटक वजनाच्या उतरत्या क्रमानें छापण्याचा नियम आहे. पहिला शब्द मीठ असेल तर आपण मुख्यतः मीठच विकत घेत आहोंत असें समजावें. पहिली पाप्रिका किंवा मिरची असून मीठ मागें असेल, अथवा मुळींच नसेल, तर ती कुपी हातीं घ्यावी. मिऱ्या दोन जातींच्या असतील तर उत्तम. थाईम-ओरेगानोचा उल्लेख हवाच. पण साखर दिसली तर मांस भाजावयाच्या कामीं ती कुपी परत ठेवावी, कारण तापलेल्या जाळीवर साखर मांस शिजण्याआधींच जळते.

बिनमिठाचा मसाला आम्ही कां सुचवितों हें बर्गर आणि स्टेक यांच्या स्वभावावरून कळेल. दोहोंना मीठ लागतें, पण वेगवेगळ्या वेळीं. स्टेकच्या जाड तुकड्याला मीठ निदान पाऊण तास आधीं चोळलेलें बरें. प्रथम पाणी सुटतें, मग तेंच खारें पाणी आंत मुरतें. बर्गरच्या खिम्यांत मात्र मीठ आधीं मळलें तर मांसांतील प्रथिनें सुटून एकमेकांस चिकटतात आणि वडा सॉसेजसारखा घट्ट, रबरी होतो. म्हणून बर्गरला मीठ व मसाला वड्या थापून झाल्यावर, जाळीवर टाकण्याच्या क्षणीं, फक्त बाहेरून लावावा. मीठ आणि मसाला एकाच कुपींत बांधलेले असले कीं हें स्वातंत्र्य जातें. स्टेकला मीठ पुरेसें होईतों तिखट जास्त होतें, किंवा उलट. शिवाय लसणाची पूड व पाप्रिका करपल्या कीं कडू होतात. बिडाच्या तव्यावर लोण्यासह क्षणांत काळें करणें ही गोष्ट निराळी, आणि निखाऱ्याच्या ज्वाळेवर दहा मिनिटें भाजणें निराळें. ज्वाळेवर भाजावयाचें असेल तर मसाल्याचा अर्धा भाग राखून ठेवून मांस उतरल्यावर थोड्या गरम लोण्यांत मिसळून वर सोडावा. मिरचीचें तिखट स्निग्ध पदार्थांत विरघळतें, पाण्यांत नाहीं; तेव्हां लोण्यावाटे तें सर्वत्र सारखें पोंचतें.

महाराष्ट्रांत २०१५ पासून गाईबरोबर बैलाच्याही कत्तलीस कायद्यानें मनाई आहे, आणि आमच्या पुष्कळ वाचकांस तें मांस धर्मतःही वर्ज्य. त्यांनीं कोंबडीच्या किंवा बकऱ्याच्या खिम्यास हाच नियम लावावा. बटाट्याच्या वड्यालाही तो लागू पडतो, फक्त तेथें मीठ आधीं घालण्यास हरकत नाहीं. कुपी मिळत नसेल तर वर दिलेलें प्रुडॉमचें प्रमाण घरीं जमविणें मुळींच अवघड नाहीं. पाप्रिकेऐवजीं रंगाची काश्मिरी मिरची चालेल, केयेनऐवजीं नेहमींचें तिखट, पण तें अर्ध्या चमच्यानें सुरू करावें. थाईमच्या जागीं चिमूटभर ओंवा घालण्याचा मोह आवरावा, कारण वास जवळचा असला तरी ओंवा बाकी सगळ्यांवर बसतो. मीठ वगळून केलेलें मिश्रण गडद रंगाच्या बाटलींत, चुलीपासून दूर ठेवावें. उजेडानें पाप्रिकेचा रंग आधीं उडतो आणि मागोमाग वास जातो, म्हणून एका वेळीं दोन महिन्यांपुरतेंच करावें.